सर्जरीचा थिसिस कोकणात कसा करायचा: ओपीडीतल्या प्रश्नापासून छापलेल्या पेपरपर्यंत, आणि मधे शिमगा

माझा स्वतःचा एमएसचा (सर्जरीच्या पदव्युत्तर डिग्रीचा) थिसिस हर्नियावर होता, ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी दुखतंय का ते बघायचं, एवढंच. भातकापणी उरकली की आपल्याकडची माणसं रखडवलेली ऑपरेशनं करून घ्यायला येतात, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत पेशंट धडाधड मिळाले आणि मी खूश. मग आला शिमगा, पालख्या निघाल्या, त्यामागोमाग काजू आणि आंबा, आणि माझे तीन महिन्यांचे फॉलोअप नेमके एप्रिलमधे पडले होते. साठातले बावीस आले. बाकीच्यांना फोन लावत बसलो तर निम्मे नंबर मुंबईतल्या मुलांचे निघाले. देवगडकडचे एक काका कसेबसे सापडले, त्यांना म्हटलं काका, तपासायला या ना. तर म्हणाले, "डॉक्टरानू, दुखणा नाय, काय नाय, मगे येवन काय करतलंय? हय आंबो काढूक माणूस नाय."

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. चूक माझ्या प्रोटोकॉलची, म्हणजे अभ्यासाच्या आराखड्याची, होती, तो मी एका शहरी कॉलेजच्या जुन्या थिसिसवरून उचलला होता, आणि त्या शहरातला पेशंट लोकल पकडून चाळीस मिनिटांत ओपीडीत पोचतो. आता मी दुसऱ्या बाजूला बसतो, पीजींना, म्हणजे एमएस करणाऱ्या डॉक्टरांना, गाइड करतो, आणि दर वर्षी नवीन बॅचला तेच तेच सांगून घसा दुखतो म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. मी जनरल सर्जरीवाला आहे त्यामुळे उदाहरणं तिथलीच येतील, पण ऑर्थो, गायनॅक, ईएनटीवाल्यांनाही बहुतेक सगळं लागू पडेल.

आधी दोन आठवडे वही घेऊन ओपीडीत बसा

टॉपिक शोधायला लायब्ररीत किंवा गूगलवर जाऊ नका, निदान पहिल्याच दिवशी नको. खिशात छोटी वही ठेवा आणि ओपीडीत, कॅज्युअल्टीत, ड्रेसिंग रूममधे जे वारंवार दिसतंय ते लिहा. आपल्याकडे काय दिसतं? आंबा, नारळ, सुपारीच्या झाडावरून पडलेले. पाकट माशाचा काटा लागून हात सुजवून आलेले मच्छीमार. फुरसं हा साप चावून पाय टम्म झालेले. अनवाणी शेतात फिरून पायाला जखम करून घेतलेले डायबेटिसवाले, आणि वर्षानुवर्षं लंगोट बांधून हर्निया सांभाळणारे आजोबा. यातल्या कुठल्याही गोष्टीवर तुमच्याकडे मुंबईच्या कॉलेजपेक्षा जास्त पेशंट आहेत आणि तीच तुमची श्रीमंती. उगाच रोबोटिक सर्जरीवर थिसिस घ्यायचा हट्ट कशाला, जिथे रोबोटच नाही.

कोणी म्हणेल एवढ्याशा गावात कसलं रिसर्च. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं नाव ऐकलं असेलच, रायगड जिल्ह्यात राहून त्यांनी लाल विंचवाच्या दंशावर काम केलं, प्राझोसिन हे औषध देऊन माणसं वाचवली आणि लॅन्सेट या जगभर वाचल्या जाणाऱ्या जर्नलमधे लिहिलं. २०११ साली त्यांची रँडमाइज्ड ट्रायल, म्हणजे कोणाला कुठलं औषध ते चिठ्ठी काढल्यासारखं ठरवून केलेली तुलना, ब्रिटिश मेडिकल जर्नलमधे आली. फक्त ७० पेशंट, एका गटाला विंचवाचं अँटिव्हेनम (विष उतरवणारं इंजेक्शन) अधिक प्राझोसिन, दुसऱ्याला नुसतं प्राझोसिन. दहा तासांत पूर्ण बरे झालेले पहिल्या गटात ३५ पैकी ३२, दुसऱ्यात ३५ पैकी ८. सत्तर पेशंटमधे एवढं स्पष्ट उत्तर मिळालं कारण प्रश्न नेमका होता, आणि उत्तर काही तासांत पेशंट कॉटवर असतानाच मिळत होतं. हे दुसरं कारण अधोरेखित करून ठेवा, पुढे लागणार आहे.

सर्जरीतलंच पाहिजे तर दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर घ्या, हर्नियाच्या ऑपरेशनात आत बसवायची महागडी जाळी परवडत नाही म्हणून त्यांनी मच्छरदाणीच्या कापडाची जाळी हर्नियाला वापरली आणि २००३ मधे इंडियन जर्नल ऑफ सर्जरीत छापली. तेव्हा लोक हसले असतील, पण २०१६ मधे युगांडात झालेली अशाच स्वस्त जाळीची रँडमाइज्ड ट्रायल न्यू इंग्लंड जर्नलमधे आली, ३०० च्या वर पेशंट, आणि एका वर्षानंतर महाग जाळीत आणि स्वस्त जाळीत सांगण्यासारखा फरक नाही. आणि मोठ्या संस्थेचं उदाहरण हवं असेल तर टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवेंची ट्रायल, स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनआधी गाठीभोवती साधं लिग्नोकेन, जागा बधिर करायचं औषध, टोचायचं, बस. देशातली ११ सेंटर, सुमारे १६०० बायका, सहा वर्षांनी जिवंत असलेल्या ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेल्या. हे औषध तुमच्या मायनर ओटीतही (छोट्या ऑपरेशन थिएटरात) असतं.

वहीतल्या तक्रारीचा प्रश्न करणे

"हर्नियाचा अभ्यास" हा प्रश्न नाही. कोणत्या पेशंटमधे, काय केलं, कशाच्या तुलनेत, आणि काय मोजलं, ही चार उत्तरं एका वाक्यात बसली की प्रश्न तयार, याला पायको म्हणतात. म्हणजे असं: इंग्वायनल हर्नियाच्या जाळीच्या ऑपरेशनमधे जखमेत ब्युपिवॅकेन (हेही बधिर करणारंच औषध) टोचलं तर न टोचलेल्यांच्या तुलनेत सहा तासांनी दुखणं कमी असतं का? झालं. हा प्रश्न काही क्रांतिकारक नाही, मला माहीत आहे, पण शिकण्यासाठी उत्तम आहे आणि पुढचं सगळं मी यावरच समजावणार आहे.

मुख्य आउटकम, म्हणजे जे मोजून निकाल ठरवायचा ते, एकच ठेवा. दुखणं, इन्फेक्शन, किती दिवस अ‍ॅडमिट, खर्च, समाधान असं सगळं "प्रायमरी" म्हणून लिहून आणणारे पीजी दर वर्षी भेटतात. आणि व्याख्या आधी ठरवा. जखमेचं इन्फेक्शन म्हणजे तुमच्या मते काय, हे चालत नाही, अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेची व्याख्या आहे, वरवरचं इन्फेक्शन ३० दिवसांपर्यंत मोजायचं, आणि हर्नियासारख्या ऑपरेशनात खोल इन्फेक्शनसाठी ९० दिवस. कॉम्प्लिकेशन किती गंभीर ते क्लेव्हिएन-डिंडोच्या ग्रेडने लिहा, १ ते ५, पाच म्हणजे मृत्यू. सगळं जग तेच वापरतं.

हातात वेळ किती आहे ते बोटांवर मोजा

एमएस तीन वर्षांचं, पण थिसिसला तीन वर्षं मिळत नाहीत. सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा), कमिट्या, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाकडचे सोपस्कार यात पहिले सहा-आठ महिने जातात. थिसिस परीक्षेच्या निदान सहा महिने आधी सबमिट झाला पाहिजे. त्याआधी तीन महिने लिहायला धरा. आणि मधे तीन महिने डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी, म्हणजे तुम्ही जिल्हा रुग्णालयात आणि तुमचे पेशंट कॉलेजच्या वॉर्डात, ते हमखास विसरतात सगळे. राहिले किती? साधारण सव्वा वर्ष. आता या सव्वा वर्षावर आपलं कोकणचं कॅलेंडर ठेवा: भातलावणीला जून-जुलैमधे शेतकरी येत नाही, पण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा मच्छीमार येतो, गणपतीत ऐच्छिक ऑपरेशन कोणीच करून घेत नाही, मार्च ते मे बागवाले गायब. वॉर्डाचं ओटी रजिस्टर काढा आणि मागच्या दोन वर्षांत महिन्याला खरोखर किती हर्निया झाले ते मोजा. एचओडी सर "आपल्याकडे भरपूर होतात" म्हणतात त्यावर जाऊ नका, रजिस्टर मोजा.

मग सॅम्पल साइझ, म्हणजे किती पेशंट लागतील ते. पीएसएमच्या, म्हणजे कम्युनिटी मेडिसिन विभागाच्या, स्टॅटिस्टिशियनकडे जायचंच आहे, पण आधी स्वतः करून जा, नाहीतर ते जे देतील ते कळणारच नाही. दुखण्याचा शून्य ते दहा असा स्कोअर घेतोय, आधीच्या पेपरात स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे स्कोअर सरासरीच्या आजूबाजूला किती पसरलेत ते, साधारण २ आहे असं धरू. पाच टक्के एरर (फरक नसताना आहे म्हणायची चूक) आणि ८० टक्के पॉवर (खरा फरक असेल तर तो सापडायची शक्यता) यांसाठी १.९६ आणि ०.८४ ची बेरीज करून वर्ग करायचा, ७.८४ येतात. आता २ गुणिले ७.८४ गुणिले २ चा वर्ग, आणि त्याला जो फरक शोधायचाय त्याच्या वर्गाने भागायचं. दोन पॉइंटचा फरक शोधायचा असेल तर एका गटात १६ पुरतात. एकाच पॉइंटचा फरक शोधायचा तर ६३ लागतात. फरक निम्मा केला की माणसं चौपट! दहा टक्के गळती धरा, ६३ चे ७० होतात, दोन गट मिळून १४०.

आता हेच दुखण्याऐवजी इन्फेक्शनवर करून बघा, १५ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर येतं असं दाखवायचं तर एका गटात १३८ येतात, आणि ३० दिवसांचा फॉलोअप म्हणजे २० टक्के गळती सहज, म्हणजे १७३, दोन्ही मिळून ३४६. एका युनिटला सव्वा वर्षात ३४६ हर्निया? म्हणून मी पीजींना सांगतो, शक्यतो पेशंट घरी जायच्या आधी मोजता येईल असा आउटकम घ्या. सहा तासांनी दुखणं, पहिल्यांदा चालायला किती वेळ लागला, किती इंजेक्शनं मागितली. बावस्करांचे दहा तास आठवा. इन्फेक्शनच मोजायचं असेल तर तुलना सोडा आणि नुसतं किती होतं ते नीट मोजा, ते प्रामाणिक काम आहे आणि आपल्याकडचे नीट मोजलेले आकडे तसेही फारसे नाहीत.

एथिक्स कमिटी, म्हणजे परीक्षा नव्हे पण जवळपास

कमिटीत ७ ते १५ जण असतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचा, निम्मे सदस्य तरी बाहेरचे, त्यात एक वकील, एक समाजशास्त्रातला आणि एक साधा माणूस ज्याचा मेडिकलशी संबंध नाही. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची गाइडलाइन आहे, निदान कन्सेंटचं, म्हणजे पेशंटच्या संमतीचं, प्रकरण वाचूनच जा. नवीन औषध किंवा मंजूर औषध नव्याच आजारासाठी वापरणार असाल तर २०१९ चे क्लिनिकल ट्रायलचे नियमही लागतात, ते कमिटीच्या सेक्रेटरींना आधीच विचारून घ्या. जुन्या केस पेपरांवरचं काम असेल तर बहुतेक वेळा पूर्ण मीटिंगची गरज पडत नाही, पण अर्ज करावाच लागतो. "नुसते रेकॉर्डच तर बघतोय" म्हणून परवानगी न घेता सुरू केलेलं काम नंतर कुठलंही चांगलं जर्नल घेत नाही. आणि मीटिंग महिन्यातून एकदा किंवा दोन महिन्यांतून एकदा असते, एक चुकली की गेला तुमचा सीझन.

कमिटी सगळ्यात जास्त कशावर अडवते तर मराठी कन्सेंटवर, आणि बरोबरच करते. एका पीजीने आणलेला फॉर्म असा होता: "सदर संशोधनामध्ये आपणांस यादृच्छिक पद्धतीने दोन गटांपैकी एका गटात समाविष्ट करण्यात येईल." कमिटीतल्या बाईंनी, त्या गावच्या शाळेत शिक्षिका होत्या, तो मोठ्याने वाचला आणि विचारलं, यादृच्छिक म्हणजे काय हो? कोणालाच सांगता येईना. मग आम्ही बसून लिहिलं: "या ऑपरेशनमधे काही जणांना जखमेत भूल देणारं जादा औषध टोचू, काहींना नाही. तुम्हाला कुठलं मिळेल ते चिठ्ठी काढल्यासारखं ठरेल, डॉक्टर ठरवणार नाहीत. दुखलं तर दोघांनाही दुखण्याचं इंजेक्शन मिळेलच. तुम्ही नाही म्हणालात तरी ऑपरेशन होईल आणि कोणी रागावणार नाही. मधेच सोडलंत तरी चालेल." फॉर्म आधी वॉर्डातल्या मावशींना वाचून दाखवा, त्यांना समजला की पास.

कन्सेंट आदल्या संध्याकाळी घ्या, निवांत, नातेवाईक असताना. ओटीच्या दारात गाऊन घालून घेतलेली सही ही सही नव्हे. शक्यतो ऑपरेशन करणाऱ्याने घेऊ नये, कारण आपल्याकडचा पेशंट सर्जनला "तुमी सांगशात तसा" म्हणतो आणि फॉर्मकडे बघतही नाही, ते म्हणजे होकार नाही, तो भिडस्तपणा आहे. तेव्हा उलटं विचारा, आजोबा, मी काय म्हणालो ते सांगा बघू तुमच्या शब्दांत. अंगठा असेल तर सोबत तटस्थ साक्षीदाराची सही लागते, आणि तो तुमचा ज्युनिअर नको. मूल सात वर्षांवरचं असेल तर पालकांच्या सहीबरोबर त्याचाही होकार घ्यायचा.

अजून एक, अभ्यासासाठी जी जादा तपासणी करणार तिचे पैसे पेशंटकडून घ्यायचे नाहीत आणि जनआरोग्य योजनेच्या पॅकेजमधेही घुसडायचे नाहीत.

सीटीआरआय: पहिल्या पेशंटच्या आधी

सीटीआरआय म्हणजे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री, ट्रायलची नोंद करायची आपल्या देशाची रजिस्ट्री, २००७ पासून आहे, फुकट आहे. १ एप्रिल २०१८ पासून ते फक्त आधीच नोंदवलेल्या ट्रायल घेतात, म्हणजे पहिला पेशंट घेण्याआधी नंबर हातात पाहिजे. नंतर नोंदवू म्हटलंत तर दार बंद, आणि नंबर नसेल तर चांगली जर्नलं ट्रायल बघतही नाहीत. एथिक्सचं पत्र आलं त्याच आठवड्यात फॉर्म भरा, क्वेरी येतात, उत्तरं द्यावी लागतात, काही आठवडे जातात. तिथे लिहिलेला प्रायमरी आउटकम जगाला कायमचा दिसतो, त्यामुळे नंतर इन्फेक्शनमधे फरक आला म्हणून तोच प्रायमरी होता असं म्हणता येत नाही, आणि यासाठीच तर ती रजिस्ट्री आहे.

चिठ्ठ्या कशा करायच्या

सोमवारचे पेशंट एका गटात आणि गुरुवारचे दुसऱ्या, किंवा एकाआड एक, हे रँडमायझेशन नाही. पुढचा कुठे जाणार ते आधीच कळतं आणि मग नकळत आपण लठ्ठ, खोकणारा पेशंट पुढे ढकलतो. यादी कॉम्प्युटरने काढा, आणि काढणारा माणूस ऑपरेशनशी संबंध नसलेला हवा, आमच्याकडे फार्माकॉलॉजीतल्या मॅडम करून देतात. उजेडात धरली तरी आतलं दिसणार नाही अशी पाकिटं, बाहेर नंबर, आत गट, पेशंट टेबलवर आला की सिस्टर फोडणार. दोन्ही गट सारखे राहावेत म्हणून यादी छोट्या ब्लॉकमधे, म्हणजे निम्म्या-निम्म्या चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यांत, पाडतात, ते चार-चारचेच ठेवले तर हुशार रेसिडेंट चौथा ओळखतो, म्हणून चार आणि सहा मिसळा.

सर्जरीत सर्जनपासून लपवणं कठीण, त्याला दिसतंच काय केलं ते. पण पेशंटला आणि स्कोअर लिहिणाऱ्याला माहीत नसलं तरी खूप झालं. २००२ मधे ह्यूस्टनला गुडघ्याच्या संधिवातावर दुर्बिणीच्या ऑपरेशनची ट्रायल झाली, १८० पेशंट, काहींना नुसते कातडीवर छेद देऊन शिवलं, आणि दोन वर्षांपर्यंत खऱ्या ऑपरेशनवाल्यांना त्यांच्यापेक्षा जास्त फायदा झालाच नाही. पेशंटला आपण कुठल्या गटात आहोत ते ठाऊक असतं तर काय उत्तरं आली असती विचार करा. आपल्या अभ्यासात सहा तासांनी स्कोअर घेणारी सिस्टर दुसऱ्या शिफ्टची असू द्या.

फॉलोअप, म्हणजे कोकणातला खरा थिसिस

इथे मी जरा रेंगाळणार, कारण इथेच सगळे बुडतात.

पत्ता. केस पेपरवर फक्त गावाचं नाव असतं, त्याचा उपयोग शून्य. आपल्या एका गावात दहा-पंधरा वाड्या, दोन वाड्यांच्या मधे डोंगर किंवा खाडी, आणि एकाच आडनावाची निम्मी वाडी. त्यामुळे वाडीचं नाव, घराचं किंवा वडलांचं नाव ज्यावरून लोक ओळखतात ते, आणि जवळची खूण, देऊळ, शाळा, साकव, काहीतरी. आणि गावच्या पत्त्यासोबत मुंबईचा पत्ता. ऑपरेशन झाल्यावर आजी विरारला लेकीकडे जाणार आहे का ते आधीच विचारा, जाणारच असते.

फोन. तीन नंबर घ्या आणि प्रत्येकापुढे लिहा कोणाचा. स्वतःचा, घरात जो राहतो त्याचा, आणि एक शेजारचा किंवा वाडीतल्या दुकानाचा. पेशंट समोर असतानाच तिन्हीवर मिस्ड कॉल देऊन बघा. रेंज कधी येते ते विचारा, हसू नका, "सांजच्याक सड्यार गेलंय तर लागता" (संध्याकाळी वरच्या माळावर गेलो तर लागतो) हे आमच्या एका प्रोफॉर्मावर, म्हणजे पेशंटच्या माहितीच्या फॉर्मवर, शब्दशः लिहिलेलं आहे आणि त्या पेशंटचा एकही फॉलोअप चुकला नाही. गावातल्या आशाताईंची मदतही होते, पण पेशंटच्या आजाराबद्दल त्यांना सांगायला पेशंटची परवानगी कन्सेंटमधेच घेतलेली पाहिजे.

तारीख. डिस्चार्ज कार्डवर "३० दिवसांनी या" लिहू नका. कालनिर्णय समोर ठेवून पेशंटबरोबर बसा, तारीख, वार, आणि त्या दिवशी गावात जत्रा, पालखी, वरसल, लग्न काही नाही ना ते बघा. एसटी कुठली ते पण. वस्तीची गाडी सकाळी सहाला सुटते आणि परत जायला दुपारची एकच, मग त्या पेशंटला ओपीडीच्या रांगेत दोन वाजेपर्यंत बसवलंत तर तो पुन्हा येणार नाही आणि वाडीतल्या बाकीच्यांनाही सांगेल. अभ्यासातल्या पेशंटला वेगळं, लगेच बघायचं, हा आमच्या युनिटचा नियम आहे. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना फुकट आहे ते आठवण करून द्या. तिकिटाचे पैसे द्यायचे असतील तर द्या, फक्त कमिटीला आधी सांगून.

प्रोटोकॉलमधे पहिल्याच दिवशी लिहून ठेवा की ३० दिवसांनी भेट, पाच दिवस उशीर चालेल, आणि येऊ शकला नाही तर फोनवर ठरलेले प्रश्न. पू आला का, टाके उघडले का, ताप आला का, दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात का, त्यांनी अँटिबायोटिक दिलं का. शेवटचे दोन महत्त्वाचे, कारण माणूस आपल्याकडे "सगळा बरा" सांगतो आणि मधे गावच्या डॉक्टरांकडे दोनदा ड्रेसिंग करून आलेला असतो. जखमेचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवत असाल तर कन्सेंटमधे त्याची वेगळी ओळ, चेहरा नको, आणि तो फोटो युनिटच्या ग्रुपवर नावासकट टाकायचा नाही. टाकतात, म्हणून सांगतोय.

एवढं करूनही काही जण जातातच. ते लपवू नका. किती घेतले, किती आले, किती का गेले, सगळं फ्लो चार्टमधे दाखवा. मी माझ्या वेळी बावीसच्या टेबलवर साठचं शीर्षक लावायला निघालो होतो, माझ्या गाइडनी फाइल परत फेकली, आज त्यांचे आभार मानतो.

डेटा

रोजचा रोज भरा, ड्यूटी संपताना, दहा मिनिटं. मास्टर चार्टमधे नाव नाही, फक्त कोड, आणि कोड-नावाची वही कुलपात. वयाच्या कॉलममधे नुसता आकडा, "६५ वर्षं" नाही. माहिती नाही आणि शून्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, रिकामी जागा सोडू नका, एक कोड ठरवा. तारखांचा फॉरमॅट एकच. डेटा भरायचं रेडकॅप हे सॉफ्टवेअर मिळत असेल तर उत्तम, नाहीतर तसंच एपी इन्फो फुकट आहे, एक्सेलही चालतं फक्त शिस्त पाहिजे, नाहीतर शेवटी फायनल, फायनल नवी, फायनल खरी अशा तीन फाइली होतात आणि तिन्हीत पेशंट वेगवेगळे. बॅकअप दोन ठिकाणी, पासवर्ड लावून. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला पाणी भरलं तेव्हा तळमजल्यावरची कपाटंच्या कपाटं चिखलात गेली होती, हे सांगायला नको.

काही गंभीर झालं, मृत्यू, पुन्हा अ‍ॅडमिट, पुन्हा ऑपरेशन, तर तुमच्या औषधाशी संबंध आहे की नाही हा विचार नंतर, एथिक्स कमिटीला २४ तासांत कळवा.

आकडेमोड आणि लिखाण

हे थोडक्यात उरकतो. दुखण्याचे स्कोअर बहुतेक वेळा एका बाजूला झुकलेले असतात, मग सरासरीऐवजी मीडियन (ओळीने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) आणि मान-व्हिटनी टेस्ट. हो-नाहीच्या गोष्टींना काय-स्क्वेअर, अपेक्षित आकडा पाचाच्या खाली असेल तर फिशर. या आकडेमोडीचं जामोवी हे सॉफ्टवेअर फुकट आहे, महिनाभरात हात बसतो. ज्याला ज्या गटाची चिठ्ठी निघाली तो त्याच गटात मोजायचा, औषध टोचायचं राहून गेलं असलं तरी. पी व्हॅल्यू (खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा जास्त फरक दिसायची शक्यता, ०.०५ च्या खाली आली की फरक खरा धरायची पद्धत) ०.०६ आली म्हणून रडू नका आणि ०.०४ आली म्हणून पेढे वाटू नका, फरक किती आणि कॉन्फिडन्स इंटर्व्हल, म्हणजे खरा फरक कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पट्टा, केवढी ते लिहा. फरक नाही आला तर "फरक नाही आला" असा थिसिस पास होतो, माझ्या हाताखालचे झालेत.

ट्रायल असेल तर कन्सॉर्टची चेकलिस्ट, नुसतं निरीक्षण असेल तर स्ट्रोब, समोर ठेवूनच लिहा, २०२५ मधे कन्सॉर्ट नवीन आलीय ती घ्या. रेफरन्स एकेक करून पबमेडवर (मेडिकल पेपरांच्या ऑनलाइन सूचीवर) उघडून बघा, हल्ली एआयने लिहून घेतलेल्या थिसिसमधे जगात नसलेले पेपर सापडतात आणि एक्झामिनर नेमका त्यावरच बोट ठेवतो. ऑथर कोण यावर भांडणं होतात, म्हणून पहिल्या महिन्यातच कागदावर ठरवा. ज्याने कामात खरा हातभार लावला, मजकूर लिहिला किंवा तपासला, अंतिम प्रत वाचून मान्य केली, आणि उद्या काही निघालं तर जबाबदारी घेईल, तो ऑथर. नुसतं पद असून चालत नाही, आता हे कोणाला तोंडावर सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.

आणि "आदरणीय डॉक्टर, आपला बहुमोल लेख तीन दिवसांत छापू" असा मेल आला की डिलीट. फी घेऊन वाटेल ते छापणारी दुकानं आहेत ती. आपल्या विषयाचं इंडियन जर्नल बघा, पबमेडमधे आहे का बघा, नकार आला तर रिव्ह्यूअरचं म्हणणं वाचून पुढच्याला पाठवा. माझा एक पेपर चौथ्या ठिकाणी लागला.

कागद सांभाळणे

पेपर छापला, डिग्री मिळाली, तरी कन्सेंट फॉर्म आणि प्रोफॉर्मा निदान तीन वर्षं ठेवावे लागतात, सरकारी परवानगीवाली ट्रायल असेल तर पाच. एथिक्स कमिटीला काम संपल्याचा रिपोर्ट द्या. आणि कागद खाली ठेवू नका, भिंतीला टेकवून तर अजिबात नको, आपल्या पावसात भिंत घाम गाळते, ऑगस्टपर्यंत फायलींना पांढरी बुरशी येते आणि अंगठ्याची शाई पसरून रेषा दिसेनाशा होतात. जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून, तोंड बांधून, लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात, सोबत डांबरगोळ्या. मृगाच्या आधी एकदा उन्हं दाखवा. त्याच वेळी स्कॅन पण करून टाका, तोपर्यंत तुमच्या जागी नवीन फर्स्ट इयरचा पीजी आलेला असतो, त्याला सोबत बसवा, अंगठे आणि वाड्यांची नावं बघत बघत अर्धं काम त्याला तिथेच कळतं.